चष्मा घरी ठेवून ये

गेल्या जुलैत आमच्या केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद एका पत्र्याच्या सभागृहात भरली होती. विषय: ‘वर्गात मोबाईल-टॅब: शाप की वरदान?’ जो निबंध आम्ही इतकी वर्षं पोरांना घालत आलो, तोच आता आमच्या पुढ्यात आला होता, आणि आम्हीही तो पोरांसारखाच सोडवला. एका बाजूने सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचं नाव आलं. तिथे २०२२पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही-मोबाईल बंद राहतात. दुसऱ्या बाजूने सोलापूर जिल्ह्यातलं परितेवाडी आलं. रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि २०२०चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला. दोन तास भोंगा विरुद्ध क्यूआर कोड. चहा यायच्या वेळी मागच्या बाकावरच्या एक बाई उठल्या. “माझ्या पाचवीत एका मुलीच्या कानात यंत्र आहे. त्याचा आवाज घरचे मोबाईलवरून कमी-जास्त करतात, म्हणून तो तिच्या दप्तरात असतो. बंदी आली तर तिचं काय करू?” अध्यक्ष म्हणाले, “तेवढा अपवाद करा की, बाई.” आणि कप फिरायला लागले.

माझं भांडण त्या ‘तेवढा अपवाद करा’शी आहे. सगळ्यांना टॅब द्या म्हणणारे आणि सगळ्यांचे मोबाईल काढून घ्या म्हणणारे एकमेकांवर कितीही ओरडोत, वर्ग म्हणजे एकच मूल साठ वेळा बसवलेलं आहे, हे दोघांनीही धरलेलं असतं. त्या साच्यात न बसणारं मूल दोघांच्याही लेखी अपवाद, आणि अपवाद करायचा की नाही ते मुख्याध्यापकांच्या मर्जीवर. मला वाटतं, वर्गातलं यंत्र मुलागणिक ठरायला हवं. ज्याचं शिकणं त्यावाचून अडतं त्याला ते हक्काने मिळावं आणि परीक्षेच्या दिवशीही त्याच्या हातात असावं. बाकीच्यांच्या हातात ते नसलं तरी माझी काही तक्रार नाही. हे मी पदरचं बोलत नाही. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते. २०१६च्या कायद्याने ते एकवीस केले, त्यात अध्ययन अक्षमता (वाचणं-लिहिणं शिकताना येणारी अडचण) पहिल्यांदा आली, आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करून देणं ही शाळेची जबाबदारी झाली. आम्ही मात्र अजून ‘बघू, करू काहीतरी’ एवढ्यावरच आहोत.

बंदीवाल्यांचं म्हणणं खोटं नाही, हे आधी कबूल करतो. वीसहून अधिक वर्षं मराठी शिकवतोय, त्यामुळे मोबाईलने वर्गाचं काय होतं ते मला कुणी सांगायला नको. कविता शिकवताना बाकाखालून निळा उजेड येतो आणि पुढची पाच मिनिटं वाया जातात. करोनाच्या दोन वर्षांत फोनवर शिकलेली मुलं परत आली तेव्हा आठवीतल्यांना एक परिच्छेद सलग वाचताना धाप लागत होती. युनेस्कोचा २०२३चा अहवालही शाळांमधल्या अतिरेकी तंत्रज्ञानाबद्दल सावध करतो. स्वीडनने त्याच वर्षी छापील पुस्तकांसाठी सरकारी पैसा काढला, आणि स्वीडन काही मागासलेला देश नव्हे. त्यात आपल्याकडची एक भर घाला: वर्गणी काढून घेतलेला प्रोजेक्टर, मेलेली इन्व्हर्टरची बॅटरी, आणि वीजबिल थकल्यामुळे कापलेला मीटर. किती शाळांच्या भिंतींवर ‘डिजिटल शाळा’ अशी अक्षरं रंगवलेली आहेत आणि आत खडू-फळाच आहे? टॅबच्या नावाने कुणी नाक मुरडलं तर त्याला मागासलेला म्हणायची माझी हिंमत नाही.

पण युनेस्कोचा अहवाल दाखवणारे लोक तो अर्ध्यावर मिटतात. ज्या मुलांना छापील पान वाचता येत नाही किंवा वर्गातला आवाज ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी हीच साधनं शिक्षणाचं दार उघडतात, हेही त्याच अहवालात आहे. सरसकट वाटप फसलं म्हणून गरजेपुरतं देणंही फसेल, हे कुठलं तर्कशास्त्र? गावातल्या सगळ्यांना एकाच नंबरचे चष्मे वाटले तर निम्म्यांची डोकी दुखतील. मग चष्म्यावर बंदी घालायची का?

चष्म्याचं उदाहरण मी मुद्दाम घेतो, कारण आता तो कुणाला यंत्र वाटतच नाही. आमच्या लहानपणी वर्गात एखाद्यालाच चष्मा असायचा आणि त्याला ‘ढापण्या’ म्हणायचे. मुलींना चष्मा लावला तर लग्न जमणार नाही म्हणून आया तो लपवायच्या. आज साठाच्या वर्गात दहा चष्मे सहज दिसतात आणि ‘ढापण्या’ हा शब्द माझ्या विद्यार्थ्यांना समजावून सांगावा लागतो. वेगळं साधन दिलं तर मूल वेगळं पडेल, इतर चिडवतील, ही भीती खरी आहे. मी ती हसण्यावारी नेत नाही. सातवीत गेल्यावर कानातलं यंत्र काढून दप्तरात टाकणारी मुलं मी पाहिली आहेत. पण चिडवणं थांबलं ते चष्मा काढून घेतल्यामुळे थांबलं नाही. पुरेशा नाकांवर तो आला, आणि कुठल्याही मास्तरांनी ‘चष्मा घरी ठेवून ये, बाकीच्यांवर अन्याय होतो’ असं म्हटलं नाही, म्हणून थांबलं.

त्या पाचवीतल्या मुलीचा वर्ग मी नंतर पाहिला. तोही पत्र्याचाच. पाऊस सुरू झाला की धडधाकट कानाच्या पोरांनाही बाईंचा आवाज ऐकू येत नाही. कानातल्या यंत्राबद्दल एक गैरसमज आपल्यात घट्ट आहे: ते लावलं की ऐकू यायला लागतं. यंत्र आवाज मोठा करतं, आणि त्याला बाई आणि पाऊस यांतला फरक फारसा कळत नाही. पत्र्यावरचा मारा, बाक सरकल्याचा आवाज, शेजारच्या वर्गातले पाढे, सगळंच मोठं होऊन तिच्या कानात शिरतं. म्हणून पाऊस वाढला की ती यंत्र बंद करून बाईंच्या ओठांकडे बघायची, आणि बाई फळ्याकडे वळल्या की तिचा तास संपायचा. यावर उपाय आहे: बाईंच्या पदराला लावायचा छोटा माईक, जो आवाज थेट तिच्या यंत्रात पोचवतो. मधलं अंतर आणि मधला गोंगाट दोन्ही टळतात. दुसरा उपाय म्हणजे पत्र्याखाली छत मारणं. तोही मी तंत्रज्ञानातच धरतो आणि त्याचा फायदा साठही जणांना होतो. हे कबूल, की माईकला पैसे लागतात आणि तो रोज चार्ज करावा लागतो. पण त्या परिषदेत ‘टॅब की भोंगा’ यावर जे दोन तास गेले, त्यातली पाच मिनिटं छताला मिळाली असती तर?

‘सगळ्यांना सारखं’ या नावाखाली एखाद्या गटाचं साधन काढून घेण्याला मोठा इतिहास आहे आणि तो शाळांमध्येच घडलेला आहे. लुई ब्रेलने ठिपक्यांची लिपी १८२९ साली छापून मांडली. पॅरिसमधल्या त्याच्याच अंधशाळेत १८४०च्या दशकात नव्या संचालकांनी तिच्यावर बंदी घातली. डोळस शिक्षकांना ती वाचता येत नव्हती, आणि अंध मुलांनी इतरांसारखीच उठावाची रोमन अक्षरं चाचपावीत, म्हणजे ती समाजापासून तुटणार नाहीत, असा युक्तिवाद होता. मुलं रात्री लपून ठिपके टोचत राहिली. फ्रान्सने ती लिपी अधिकृत केली १८५४मध्ये, ब्रेल वारल्यावर दोन वर्षांनी. १८८०मध्ये मिलानला कर्णबधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिने ठरवलं की शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करायची आणि मुलांना तोंडानेच बोलायला लावायचं. ठराव करणाऱ्यांत कर्णबधिर जवळजवळ कुणीच नव्हतं. त्या वाऱ्यात जगभर मुलांना हात बांधून बसायला लावलं गेलं, आणि चूक झाली असं त्याच परिषदेच्या वारसदारांनी म्हटलं ते २०१०मध्ये, व्हँकुव्हरला. एकशे तीस वर्षं! आमच्या शिक्षण परिषदेतही, हे सांगायला नको, कानात यंत्र असलेलं कुणी नव्हतं.

आता सर्वांत अवघड आक्षेपाकडे येतो, कारण तो मला स्वतःलाही छळत आला आहे. वाचनाची अडचण असलेल्या मुलाला फोनने धडा वाचून दाखवला तर ते कशाला वाचायला शिकेल? भाषेचा शिक्षक म्हणून माझं पहिलं मत हेच होतं. मग सातवीत एक मुलगा आला. बोलायला पोपट, शेतीचं, ट्रॅक्टरचं, पाण्याच्या मोटरचं काहीही विचारा. पुस्तक समोर आलं की मान खाली. ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’ यांत तो अडखळे. ते बरीच मुलं करतात. त्याचा खरा घात व्हायचा ‘र’ने. ‘प्रकाश’, ‘सूर्य’, ‘राष्ट्र’, ‘सुऱ्या’ या चार शब्दांत एकच अक्षर चार वेशांत येतं आणि प्रत्येक वेळी तो नव्याने थांबायचा. चार ओळींना चार मिनिटं. चौथी ओळ संपेपर्यंत पहिली विसरलेली. घरचे म्हणत लक्ष नाही, शिक्षक म्हणत आळशी.

मराठीत हे लवकर ओळखू येत नाही याचं एक कारण आपली लिपी आहे. ती बरीचशी उच्चाराप्रमाणे चालते, त्यामुळे असं मूल रखडत का होईना, वाचून काढतं आणि चौथीपर्यंत ढकललं जातं. इंग्रजी पक्कं सुरू झालं की कोसळतं. दुसरं कारण म्हणजे कित्येक वर्षं तपासण्या इंग्रजीतूनच व्हायच्या. मराठी मुलाची अडचण मराठीतून तपासता येईल अशी चाचणी, हिंदी आणि कन्नडसोबत, राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने आणली ती २०१५मध्ये. तोवर ‘डिस्लेक्सिया’, म्हणजे हीच वाचनाची अडचण, हा मुंबईतल्या इंग्रजी शाळांचा आजार समजला जायचा.

त्या मुलाच्या पालकांच्या जुन्या फोनवर आम्ही विज्ञानाचा धडा आवाजात लावला. यंत्राचं मराठी ऐकण्यासारखं नव्हतं. ‘चोच’ आणि ‘झाड’ हे शब्द ते हिंदीच्या वळणाने म्हणायचं आणि पोरगं खो-खो हसायचं. पण हसता हसता तो पुस्तकावर बोट ठेवून आवाजामागे जात होता. ‘घर्षण’वर त्याने फोन थांबवला, मागे नेला, तीनदा ऐकला आणि मग शब्दाकडे नुसता बघत बसला. त्याचं वाचन त्यामुळे सुटलं नाही, उलट तासाला चिकटलं. वाचायला शिकवणं वेगळं चालूच होतं, अक्षरागणिक, रोज वीस मिनिटं. मात्र तेवढं जमेपर्यंत घर्षण, प्रकाश-संश्लेषण आणि शिवकाल या सगळ्यांनी दाराबाहेर उभं राहायचं का? पाय मोडलेला माणूस चालायला शिकेपर्यंत त्याला बाजार बंद, असं आपण म्हणतो का? आक्षेपातला एक भाग मी तरीही मान्य करतो. काही शाळा फोन हातात देतात आणि शिकवणं सोडून देतात. त्या मुलाला बोलत्या पुस्तकासोबत एकटं सोडलं असतं तर आक्षेप शंभर टक्के खरा ठरला असता.

तंत्रज्ञानाच्या भक्तांचाही हिशेब करायला हवा, कारण माझ्या मते जास्त नुकसान त्यांनी केलं आहे. त्यांना डोळ्यांत भरणारी वस्तू लागते: फळ्याएवढा टचस्क्रीन, फीत कापायला पाहुणे, फोटो. मुलाला प्रत्यक्षात लागतं ते अतिशय नीरस असतं. आमच्या शाळेत एक जवळपास अंध विद्यार्थिनी आहे. तिच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए नावाचं पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आहे. दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६मध्ये ते सुरू केलं, आणि ते फुकट मिळतं. पहिल्या घटक चाचणीची प्रश्नपत्रिका मी मोठ्या ऐटीत तिच्या पेनड्राइव्हवर घातली. तिने उघडली. लॅपटॉप म्हणाला, “ए, एम, ॲट, एच, एम, बी…” प्रश्नपत्रिका शाळेच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. पडद्यावर सुरेख देवनागरी दिसते, आत मात्र रोमन अक्षरांचा कचरा असतो. डोळ्यांना फसवणारा हा प्रकार डीटीपीवाल्यांनी, म्हणजे संगणकावर छपाईची जुळणी करणाऱ्यांनी, युनिकोडच्या आधी, नाइलाजाने, रूढ केला. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक. युनिकोडमध्ये देवनागरी येऊन तीस वर्षं उलटली, सरकारी कामात युनिकोडच वापरा असे आदेश निघून गेले, तरी तो फॉन्ट जात नाही. दुसऱ्या वेळी मी छापील प्रत स्कॅन करून दिली. या वेळी लॅपटॉप म्हणाला, “रिकामं पान.”

हीच गोष्ट करोनात लाखो वेळा घडली. शिक्षक हस्ताक्षराचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकत होते आणि अंध मुलांच्या फोनवर नुसतं ‘चित्र’ येत होतं. सगळ्या महाराष्ट्राचं शिक्षण ‘डिजिटल’ झालं होतं तेव्हा! टॅबच्या निविदेत किती इंची पडदा आणि किती जीबी मेमरी हे लिहिलेलं असतं. धड्याचा मजकूर यंत्राला वाचता येईल अशा रूपात हवा, ही ओळ असते का? कायद्याची अडचण तर केव्हाच गेली. कॉपीराइट कायद्याच्या २०१२च्या दुरुस्तीने वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तकाचं रूप बदलायला लेखक-प्रकाशकाची परवानगी लागत नाही. याच विषयावरचा माराकेशचा आंतरराष्ट्रीय करार २०१४मध्ये मंजूर करणारा जगातला पहिला देश भारत होता. करारात पहिले, आणि घटक चाचणीत ‘ए, एम, ॲट’.

पण सगळ्यांत मोठा दांभिकपणा परीक्षेत आहे. वर्षभर मूल कीबोर्डवर लिहितं, ऐकून वाचतं. मार्चात त्याच्या हातातून सगळं काढून घेतात आणि शेजारी लेखनिक, म्हणजे ते सांगेल ते लिहून घेणारा, बसवतात. हा लेखनिक दहावीच्या परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला हवा. त्यामुळे फेब्रुवारी उजाडला की पालक नववीतली पोरं शोधत फिरतात. कुणाची स्वतःची परीक्षा असते, कुणाची आई ‘आमच्या मुलाचा अभ्यास बुडतो’ म्हणते, कुणी आदल्या दिवशी तापाने आडवं पडतं. मी एका वडिलांना असा नववीतला मुलगा मोटरसायकलवरून रोज बावीस किलोमीटर आणताना-सोडताना पाहिलं आहे. तो मुलगा गुणी होता, पण भूमितीतली ‘लंबदुभाजक रेषा’ त्याला लिहिता येईना आणि सांगणाऱ्याचे शब्द कागदावर उतरताना निम्मे गळत होते.

संगणकावर परीक्षा देण्याचा पर्याय काही उद्याचं स्वप्न नाही. केंद्र सरकारच्या २०१३च्या मार्गदर्शक सूचनांतच ब्रेल, संगणक, मोठी अक्षरं यांतून उमेदवाराने निवड करावी असं आहे. तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ, हे २०१८च्या सूचनांत आहे. २०२१मध्ये विकास कुमार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याहून पुढची गोष्ट स्पष्ट केली: चाळीस टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र नसलं म्हणून गरजेची सोय नाकारता येत नाही. मग अडतं कुठे? विचारलं की उत्तर ठरलेलं: “कॉपी होईल हो.” कॉपीमुक्त अभियानाच्या राज्यात हे कारण ब्रह्मवाक्य असतं. पण विचार करा, नेट काढून टाकलेला, परीक्षा केंद्रानेच पुरवलेला संगणक जास्त कॉपी करेल, की उत्तर ठाऊक असलेला जिवंत माणूस? पॅरिसच्या संचालकांना ठिपके नको होते कारण त्यांना स्वतःला ते वाचता येत नव्हते. आमच्या पर्यवेक्षकांना संगणक नको असतो त्यामागे याहून वेगळं काही असेल असं मला वाटत नाही.

पैशांबद्दल एवढंच. टचस्क्रीनच्या किमतीत किती मुलांचे माईक आणि साधे लॅपटॉप येतील हे शाळेशाळेने स्वतः मांडून बघावं. माणसांचा प्रश्न मात्र पैशांपेक्षा जड आहे. २०२१मध्येच सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवायला केंद्र सरकारला सांगितलं, आणि २०२२मध्ये केंद्राने प्राथमिकला विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिकला पंधरा मुलांमागे एक असं ते ठरवलं. आमच्याकडे विशेष शिक्षिका येतात त्या पंधरवड्यातून एकदा, एसटीने, आणि गाडी चुकली तर पुढच्या पंधरवड्यात. माईक कसा जोडायचा, कोणत्या मुलाला आवाज द्यायचा आणि कोणाला फक्त मोठी अक्षरं, हे त्यांना कळतं. मला अंदाजाने कळतं, आणि माझे अंदाज वरच्या दोन प्रसंगांत कसे निघाले ते सांगितलंच आहे. यंत्र शिक्षकाची जागा घेईल म्हणून घाबरणाऱ्यांनी जरा इकडे यावं. इथे यंत्र पेटीत आहे आणि जागा रिकामी आहे.

दुसऱ्या घटक चाचणीची प्रश्नपत्रिका मी स्वतः युनिकोडमध्ये टाइप केली. चाळीस मिनिटं लागली. त्या मुलीने पहिल्यांदाच, शेजारी कुणी न बसता, प्रश्न आपले आपण ऐकले आणि उत्तरं टाइप केली. तिच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या सतरा चुका मी लाल शाईने दाखवल्यावर ती चक्क खूश झाली, कारण आजवर त्या चुका लेखनिकाच्या असायच्या. सहामाहीला प्रश्नपत्रिका पुन्हा जुन्याच फॉन्टमध्ये आली. मी कार्यालयात गेलो. लिपिक म्हणाले, “सर, युनिकोड केलं की वरचा शाळेचा लोगो सरकतो.” मी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढली आणि आम्ही दोघं आता तो लोगो जागेवर बसवतो आहोत.